सहायक प्राध्यापकाचा अर्ज : तासिका तत्त्वाचा अनुभव कसा दाखवायचा?

केमिस्ट्रीवाली

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरची. एमएस्सी सेंद्रिय रसायनशास्त्र, सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पास, पीएचडीही हातात आली. राज्यातल्या एका अकृषी विद्यापीठाची सहायक प्राध्यापकांची जाहिरात निघालीय (नाव मुद्दाम लिहीत नाही). माझ्या विषयाला खुल्या प्रवर्गातली एकच जागा आहे. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा आणि नंतर छापील प्रत जोडपत्रांसह पोचवायची.

गाडी अडलीय अनुभवाच्या रकान्यावर. चार शैक्षणिक वर्षं शहरातल्या दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवलं. पहिल्या ठिकाणच्या दोन वर्षांच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता आहे, पत्रं माझ्याकडे आहेत. दुसऱ्या ठिकाणी मात्र मान्यतेचा प्रस्तावच गेला नव्हता, हे मला आत्ता दाखला मागायला गेल्यावर कळलं. ऑफिसातले म्हणतात, "मॅडम, दाखला देतो की. मान्यता घेऊन काय करायचंय?" आणि इथे फॉर्ममध्ये सरळ रकाना आहे : मान्यता पत्राचा क्रमांक व दिनांक.

ती दोन वर्षं दाखवू की सोडू? दाखवली आणि छाननीत उडवली तर बाकीच्या अर्जाकडेही संशयाने बघतील का? गुण कसे मोजतात तेही कुणी नीट सांगा. प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

फुकटचा_सल्ला

ताई, जागा एक, अर्ज शंभर, आणि नाव आधीच ठरलेलं. फी वाचवा, त्या पैशात शेंगाचटणी घ्या.

विजापूररोड

@फुकटचा_सल्ला, तुम्ही नका भरू. एक अर्ज कमी झाला तर आमचं भलंच आहे.

@केमिस्ट्रीवाली, गुणांचा हिशोब यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत आहे. परिशिष्ट २ मधला तक्ता ३-अ विद्यापीठांसाठी, ३-ब महाविद्यालयांसाठी. लोक हे दोन तक्ते सर्रास एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुम्हाला ३-अ लागू.

पदवी ८० टक्के किंवा वर असेल तर १५, ६० ते ८० मध्ये १३, ५५ ते ६० मध्ये १०. पदव्युत्तरला त्याच क्रमाने २५, २३, २०. पीएचडी ३०. नेट म्हणजे देशपातळीची पात्रता परीक्षा : जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) सह नेट ७, नुसती नेट ५, सेट ३. पेपरला प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. अनुभवाच्या दर वर्षाला २, तेही १० पर्यंतच. पुरस्काराचे ३.

तुमचे टक्के सांगा, मांडून देतो.

केमिस्ट्रीवाली

बीएस्सी ७२ टक्के. एमएस्सीला सीजीपीए आहे, टक्क्यांत ६४ च्या आसपास येतं. पेपर पाच, सगळे पीअर रिव्ह्यूड. पुरस्कार एकही नाही. (शाळेत असताना रांगोळी स्पर्धेत पहिली आले होते, ते चालेल का? 😀)

विजापूररोड

रांगोळी राज्यस्तरीय असती तर विचार केला असता.

१३ + २३ + ३० + ३ + १० = ७९. हे पक्के. आता अनुभव. वर्ष पूर्ण नसेल तर गुण त्या प्रमाणात कमी होतात, असं तक्त्याखालच्या टिपेतच लिहिलंय. तासिकेवाल्यांची नेमणूक कधी बारा महिन्यांची असते का? जुलैअखेर ऑर्डर, मार्चअखेर रामराम. समजा वर्षाचे आठ महिने धरले. मान्यतेच्या दोन वर्षांचे १६ महिने, म्हणजे २.६७ गुण. चारही वर्षं धरली तर ५.३३. तुमची बेरीज एक तर ८१.६७ नाही तर ८४.३३. एवढ्याचाच हा सगळा प्रश्न आहे.

आणि 'आसपास' फॉर्ममध्ये चालत नाही. सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर विद्यापीठाच्या सूत्रानेच करायचं आणि परीक्षा विभागाचं तसं पत्र जोडायचं. घरी कॅल्क्युलेटरवर दहाने गुणून आकडा टाकणारे छाननीत हमखास सापडतात.

सेतूच्या_रांगेत

यातला उद्योग बघा. नेट काढली असती तर सेटच्या ३ ऐवजी ५ मिळाले असते. मान्यता नसलेल्या दोन वर्षांसाठी भांडून मिळणार २.६६, आणि नेटच्या एका परीक्षेत २. शिवाय सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. उद्या गुलबर्ग्याला जागा निघाली तर? सोलापूरहून पुण्यापेक्षा गुलबर्गा जवळ.

आप्पा_निवृत्त

मी छाननी समित्यांवर बरीच वर्षं बसलो आहे, म्हणून टेबलापलीकडची बाजू सांगतो.

केमिस्ट्रीवाली बाई, ती दोन वर्षं दाखवा. पण वेगळ्या ओळीत, आणि मान्यतेच्या रकान्यात सरळ 'मान्यता नाही' असं लिहा. नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, मानधन बँकेत जमा झाल्याच्या नोंदी आणि प्राचार्यांच्या सहीचा दाखला मागे लावा. गुणांचा दावा मात्र दोन बेरजांत करा : मान्यतेसह इतका, सगळं धरून इतका. समितीने काय धरायचं ते समिती ठरवेल. संशय येतो तो लपवालपवीचा. क्रमांकाच्या रकान्यात महाविद्यालयाचा जावक क्रमांक टाकून वेळ मारून नेणारे आम्ही पाहिले आहेत. असा एक कागद सापडला की मग त्या फाइलमधला प्रत्येक कागद उलटून बघितला जातो.

फाइल कशी बघतात तेही ऐका. टेबलावर गठ्ठे. एक जण तक्ता वाचतो, दुसरा फाइल उघडून कागद शोधतो. "पदवी?" "पान १४." "आहे." टिक. "सेट?" इथे पान उलटत उलटत पाच मिनिटं गेली की माणूस वैतागतो. पहिल्याच पानावर अनुक्रमणिका हवी, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली हाताने क्रमांक हवा, आणि तक्त्यात प्रत्येक दाव्यासमोर पान क्रमांक हवा. स्पायरल बाइंडिंग करा, पण इतकं जाडजूड नको की मधली पानं उघडतच नाहीत. पेपर जोडताना पहिलं पान, जर्नलचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका एवढं पुरतं. अख्खा पेपर कुणी वाचत नाही हे कटू आहे, पण तसं आहे.

केमिस्ट्रीवाली

आप्पा, दोन बेरजांची कल्पना डोक्यातच आली नव्हती. फार आभार.

एक राहिलं. पीएचडी करतानाच मी शिकवत होते. तो काळ अनुभवात धरतात का?

आप्पा_निवृत्त

रजा न घेता शिकवत शिकवत पीएचडी केली असेल तर ती सेवा अध्यापनाचा अनुभव म्हणून धरली जाते, नियमावलीत तशी तरतूद आहे. पूर्णवेळ फेलोशिपवर असाल तर तो काळ धरत नाहीत. दोन्ही एकाच वेळी दाखवाल तर प्रश्न येणार. फेलोशिप घेत होतात का?

केमिस्ट्रीवाली

नाही हो आप्पा. फेलोशिप असती तर तासिकेवर कशाला धावपळ केली असती? सकाळी एक कॉलेज, दुपारी लॅब, असं चाललं होतं.

बार्शीकर

धाग्यात जरा घुसखोरी करतो, कारण माझंही दुखणं याच घरातलं आहे. मी अनुदानित महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक, विषय अर्थशास्त्र. विद्यापीठ विभागात प्राध्यापकपदासाठी अर्ज करतोय, म्हणजे लेव्हल १४ ची, मूळ वेतन १,४४,२०० वाली जागा. (सहायकाची सुरुवात ५७,७०० वर, म्हणजे मधे किती पायऱ्या ते बघा.)

इथे तक्ता ३-अ नाही. पीएचडी, १० वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, किमान १० पेपर, तक्ता २ नुसार १२० रिसर्च स्कोअर, आणि आपल्या हाताखाली विद्यार्थ्याची पीएचडी पूर्ण झाल्याचा पुरावा. प्रबंध नुसता सादर झालेला असेल तर तो पुरावा तोकडा पडतो.

केमिस्ट्रीवाली ताईंसाठी हे मुद्दाम लिहितोय. तुम्ही कधी ना कधी वर जाणार, तेव्हा तासिकेची वर्षं या १० वर्षांत चालतील असं धरून बसू नका. हंगामी किंवा कंत्राटी सेवा मोजण्यासाठी नियमात अटी आहेत : त्या पदाची अर्हता पूर्ण असावी, रीतसर निवड समितीने निवडलेलं असावं, आणि एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक पगारापेक्षा कमी नसावा. पहिल्या दोन जमतील. तिसरी तासिकेवाल्याला जन्मात जमणार नाही. वर्षानुवर्षं तासावर राबवून घ्यायचं, आणि पुढे त्याच कमी पैशाचा दाखला देऊन ती वर्षं बाद करायची. मला हे कधी पटलेलं नाही.

फुकटचा_सल्ला

आता कसं बोललात सर! मी म्हणत होतो ना.

बार्शीकर

नाही, तुम्ही म्हणत होता अर्ज भरू नका. मी म्हणतोय भरा, पण कुठली वर्षं कुठे चालतात ते आधी बघून भरा.

विजापूररोड

सर, १२० चा हिशोब इथे टाका ना. मानव्यशाखेचं गणित आमच्यापेक्षा वेगळं आहे, विज्ञानाला पेपरला ८ आणि तुम्हाला १०.

बार्शीकर

टाकतो. एकट्याचे पेपर ६, म्हणजे ६०. दोघांनी मिळून लिहिलेले ५. दोघे लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे पेपरला ७, एकूण ३५. दोन विद्यार्थ्यांना पीएचडी मिळाली, प्रत्येकी १०, म्हणजे २०. राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकात एक प्रकरण, ५. बेरीज बरोबर १२०.

आणि हीच भीती आहे. काठावरची बेरीज म्हणजे एक पेपर 'जर्नल मान्य नाही' म्हणून उडाला की मी थेट ११० वर. म्हणून आणखी एक पेपर पाठवलाय, तो छापून येईपर्यंत झोप नाही. स्कोअर सहापैकी किमान तीन प्रकारांतून आलेला असावा ही अटही लक्षात ठेवा. नुसते पेपर लिहून १२० गाठणारे एक ओळखीचे सर त्यावरच अडकले.

विज्ञानवाल्यांनो, तुमच्याकडे एका पेपरवर पाच-सहा नावं असतात. दोनपेक्षा जास्त लेखक असले की ७० टक्के पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला, बाकीच्यांना ३० टक्के. म्हणजे मधल्या नावाला ८ पैकी २.४. गाईडशी गोड बोलून पहिलं नाव मिळवा, आत्ताच.

केमिस्ट्रीवाली

माझ्या पाचपैकी तीनमध्ये मी पहिली आहे. गाईड मॅडम भल्या आहेत.

प्रयोगवही

जर्नलचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची) आता नाहीये ना? मग कुठला पेपर चालतो हे ठरवायचं कशावर?

आप्पा_निवृत्त

यादी बंद केल्याचं यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. जर्नल निवडण्यासाठी यादीऐवजी निकष सुचवले आणि जबाबदारी संस्थांवर टाकली. जुन्या पेपरबाबत एक करा. तो छापला तेव्हा जर्नल यादीत होतं याची छापील नोंद तारखेसह लावा. ज्यांनी तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवले ते आज निवांत आहेत. नव्या पेपरसाठी जर्नलची पीअर रिव्ह्यूची पद्धत, संपादक मंडळ, आयएसएसएन हे सगळं एका पानावर छापून ठेवा. आणि खऱ्या जर्नलच्या नावाने बनावट वेबसाइट चालवणारे फार झालेत. पैसे भरण्याआधी मूळ प्रकाशकाच्या साइटवरून दुवा उघडा.

अक्कलकोटची_सून

माझे दोन पैसे कागदपत्रांबद्दल, कारण मी यातच होरपळलेय. माझी जागा एनटी-क प्रवर्गातली होती. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रिमी लेयर या तिन्ही गोष्टी वेगळ्या. नॉन क्रिमी लेयरला मुदत असते, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला ते चालू असावं लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला लावा, नाहीतर पदवीवरची बाई वेगळी आणि अर्जातली वेगळी ठरते.

आणि जे कुठे नोकरीत आहेत त्यांनी ना हरकत प्रमाणपत्र पहिल्या दिवशी मागा. आमच्या संस्थेत (नाव नको) साहेब सही करायचे, पण फाइल त्यांच्या टेबलावर पोचायलाच आठवडा. शेवटी मी आगाऊ प्रत पाठवली आणि 'योग्य मार्गाने अर्ज मागाहून येत आहे' असं पत्र जोडलं. जाहिरातीत आगाऊ प्रतीची सोय असेल तरच हे चालतं, आधी वाचा.

सेतूच्या_रांगेत

विद्यापीठाच्या नावाचाही घोळ होतो. आपलं विद्यापीठ २००४ मध्ये झालं, त्याआधीचे सगळे शिवाजी विद्यापीठाचे. २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव आलं. माझ्या बीएस्सीच्या प्रमाणपत्रावर नुसतं 'सोलापूर विद्यापीठ', पीएचडीवर नवीन नाव. फॉर्ममध्ये दोन वेगळी विद्यापीठं समजून एका भल्या माणसाने मला फोन केला होता. प्रमाणपत्रावर जे छापलंय तेच लिहायचं आणि कंसात सध्याचं नाव.

केमिस्ट्रीवाली

हे माझ्याही बाबतीत होणार, नोंद केली.

आता मुलाखतीबद्दल कुणी सांगेल का? बोलावलं तर पाहिजे आधी, पण मनात तेच चालू असतं.

आप्पा_निवृत्त

२०१८ च्या नियमात तक्ता ३-अ चे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यापुरते आहेत. त्यापुढची निवड मुलाखतीवर. राज्य पातळीवर निवडीच्या पद्धतीबाबत वेगळे आदेश निघत असतात, म्हणून तुमच्या जाहिरातीसोबतची कार्यपद्धती शब्द न् शब्द वाचा. गुण पुढे धरणार की नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

समोर विषयतज्ज्ञ बसलेले असतात. ते प्रबंधातला एखादा तक्ता उघडून "हे उत्पादन ९२ टक्के कसं मिळालं?" असं विचारतात. गाईडने सांगितलं म्हणून, असं उत्तर देणारे मी पाहिले आहेत. फळ्यावर शिकवायला सांगतील. एमएस्सीचा अवघड विषय घेऊन छाप पाडायला जाऊ नका. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा विषय घ्या, पण असा शिकवा की कळलं पाहिजे. आपल्याकडे वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं असतात, कन्नड असतात, उर्दू असतात, आणि पुस्तक इंग्रजी. या पोरांना रेणूची रचना कशी समजावता, हे सांगता आलं तर तज्ज्ञ मान हलवतात.

प्रयोगवही

"आमच्या विभागात येऊन पुढे काय संशोधन कराल?" हा ठरलेला प्रश्न. तिथे 'नॅनो' म्हणून मोकळं होऊ नका. मी सोलापूरचं उदाहरण दिलं होतं. कापड उद्योग, रंगाई, त्याचं सांडपाणी, त्यातले अ‍ॅझो रंग काढायला कुठलं उत्प्रेरक स्वस्त पडेल. दुसरं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबाच्या सालीतून टॅनिन वगैरे काढण्यावर काम करायचं तर बोलायला माणसं घराजवळ आहेत. कुठलं उपकरण विभागात आहे, कुठलं नाही, नसलेल्याचं काम बाहेर कुठे करून घेणार हेही सांगितलं. त्यावर दहा मिनिटं गेली. निवड झाली नाही ती गोष्ट वेगळी, प्रतीक्षा यादीत दुसरा होतो.

फुकटचा_सल्ला

प्रतीक्षा यादी म्हणजे आपल्याकडचं नळाचं पाणी. येणार येणार म्हणतात.

विजापूररोड

😂 एवढं एक बरोबर बोललात.

फुकटचा_सल्ला

आता गंभीरपणे. मी टोमणे मारतो कारण माझ्याकडे एका खासगी संस्थेच्या माणसाने चहाच्या टपरीवर आकडा सांगितला होता. आकडा इथे लिहीत नाही. मी उठून आलो. त्यानंतर तक्ता ३-अ काय आणि ३-ब काय, सगळं सारखंच वाटायला लागलं. तुमच्यासारखं पान क्रमांक टाकत बसायची ताकद राहिली नाही.

अक्कलकोटची_सून

दादा, तुमचं चुकलं नाही. पण संस्थेची जागा आणि विद्यापीठ विभागाची जागा यात फरक आहे, दोन्ही एका मापाने मोजू नका. विद्यापीठातही ओळखीपाळखी चालतात हे मी नाकारत नाही. तरी माझी ओळख शून्य होती आणि माझं झालं. विषय कोणता तुमचा?

फुकटचा_सल्ला

भूगोल. सेट आहे, पीएचडी नाही.

बार्शीकर

मग विद्यापीठासाठीही पात्र आहात की! मधे विद्यापीठ विभागांतल्या थेट भरतीला पीएचडी सक्तीची होणार होती, तारीख पुढे ढकलत ढकलत १ जुलै २०२३ पर्यंत आणली. पण त्याच तारखेपासून नियम बदलून नेट, सेट किंवा स्लेट (सेटचंच दुसरं नाव) ही किमान अर्हता ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक झाली. फक्त ३-अ मध्ये पीएचडीचे ३० गुण तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे विद्यापीठात मुलाखतीपर्यंत पोचणं जड जाईल. महाविद्यालयांच्या ३-ब मध्ये पीएचडीला २५ आणि सेटला ५. तिथे दरी थोडी कमी.

फुकटचा_सल्ला

सर, ३-ब मध्ये पदवीला किती? माझी बीए ६१ टक्के.

बार्शीकर

१९. आणि एमएचे किती?

फुकटचा_सल्ला

५८.

बार्शीकर

२०. म्हणजे १९ + २० + ५ = ४४, पेपर आणि अनुभव सोडून. पेपरला तिथे कमाल ६, अनुभवाला १०. आधी तीन पेपर आणि मान्यतेची पत्रं गोळा करा. आणि पीएचडीची प्रवेश परीक्षा द्या हो.

केमिस्ट्रीवाली

अपडेट : ऑनलाइन अर्ज भरला. आप्पांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही बेरजा दिल्या. परीक्षा विभागाचं पत्र मिळालं, टक्के ६३.८ निघाले, गुण तेच राहिले. दुसऱ्या कॉलेजने दाखला दिला, त्यात 'तासिका तत्त्वावर' हा शब्द गाळून 'व्याख्याता' असं लिहून दिलं होतं! परत करून दुरुस्त करून घेतला. छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवू की स्वतः जाऊन देऊ?

आप्पा_निवृत्त

दाखला परत केलात ते उत्तम. प्रत स्वतः देणार असाल तर पहिल्या पानाची जादा झेरॉक्स न्या आणि त्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोस्टाने पाठवलीत तर शेवटच्या तारखेला पोस्टात टाकून चालतं की तोवर तिकडे पोचलेली हवी, हे जाहिरातीत बघा. बहुतेक वेळा पोचलेलीच लागते. पाकिटावर पदाचं नाव, विषय, प्रवर्ग आणि जाहिरात क्रमांक ठळक लिहा.

प्रयोगवही

आणि अर्जाच्या पीडीएफची एक प्रत स्वतःला ईमेल करा. पोर्टल बंद झालं की आपलाच अर्ज आपल्याला दिसत नाही.

नवा_सेटवाला

उशिरा आलो. माझी सेट पर्यावरणशास्त्रात, एमएस्सी रसायनशास्त्रात. रसायनशास्त्राच्या जागेला भरता येईल का?

विजापूररोड

नियमात 'संबंधित किंवा संलग्न विषय' असा शब्द पदव्युत्तर पदवीपुढे आहे. तुमची पदवी रसायनाची, अडचण सेटच्या विषयाची. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात यूजीसीने याबाबत ढील दिली होती, पण तुमची जाहिरात कुठल्या नियमावलीखाली काढलीय ते वरच लिहिलेलं असतं. २०१८ ची असेल तर आधी त्यांच्या आस्थापना विभागाला लेखी विचारा, तोंडी नको. उत्तर आलं की इथे टाका, बऱ्याच जणांना लागेल.